इनोयत आपाचा पिवळा चहा

तुर्दिअली अका राजधानीहून परत आले तेव्हा त्यांच्या छातीत टिकटिक वाजत होती. लहानपणीच्या तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी ती काढून तिथे धातूची झडप बसवली होती, आणि ती दर ठोक्याला बारीक वाजायची. अंगणात त्यांच्या शेजारी बसलं की चहाच्या घोटाघोटामध्ये ऐकू यायची.

भेटायला आलेल्या बायकांनी त्यांच्या बायकोला, इनोयत आपाला, एकीकडे घेऊन विचारलं, "आपा, त्या आवाजात तुला झोप लागते तरी कशी गं?"

"पहिले आठ दिवस नाही लागली," आपा म्हणाली. "आता ती ऐकतच झोपते. पाऊस पडताना झोपतो ना, तशी."

मी मस्तुरा. आमच्यात मोठ्या माणसाला मानाने अका म्हणतात, बाईला आपा. त्यांच्या कुंपणापलीकडे राहते आणि गावच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात नर्सचं काम करते. राजधानीहून आलेला रशियन भाषेतला कागद मीच आपाला वाचून दाखवला. धातूला रक्त चिकटायला बघतं, तिथे ते साकळू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची एक गोळी. जन्मभर. दर महिन्याला खाली तालुक्याला जाऊन रक्त तपासायचं. आकडा अडीच आणि साडेतीनच्या मध्ये राहिला पाहिजे. आणि शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं, की विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घेऊ नये.

"औषध कोण देतंय त्यांना!" आपा म्हणाली.

चहासुद्धा औषध असतो, हे तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आपाला झाडपाल्यातलं काही शिकवायचं माझ्या तरी मनात कधी आलं नव्हतं.

कारण आपा म्हणजे बाजारातली झाडपाल्यावाली. मशिदीखालच्या वळणावर तिची जागा होती, त्याआधी तिथे तिची आई बसायची. पुढ्यात फडक्यावर वाळलेल्या पानाफुलांचे लहान लहान ढीग. खोकल्याला हे, बाळंतिणीला ते, सांधे धरले तर हे मूळ. जून लागला की ती एकटीच वरच्या कुरणांवर जायची आणि पाठीवर पोतं घेऊन उतरायची. त्या दिवसांत ती बोलायची कमी. समोरच्याकडे बघत असली तरी डोळे वरच, त्या उतारावर राहिलेले असायचे. गावातल्या बायका हसायच्या, "आपाचं अंग आलंय, आपा यायची आहे अजून."

अका मधमाश्या पाळायचे. घरामागे सव्वीस निळ्या पेट्या होत्या. दोन्ही मुलं रशियात, बांधकामावर. घरात दोघंच. ते तिला "ओनासी" म्हणायचे, पोरांची आई. ती त्यांना "दादासी", पोरांचे वडील. एकमेकांचं नाव घेताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर अका पेट्यांजवळ स्टूल टाकून बसायचे ते संध्याकाळपर्यंत. झाकण उघडायचे नाहीत. जूनमध्ये एका पेटीतून माश्यांचं मोहोळ उठलं, हवेत काळ्या धुरासारखं फिरलं आणि शेजारच्या जर्दाळूवर जाऊन बसलं. एरवी अका शिडी आणि पोतं घेऊन धावले असते. त्या दिवशी त्यांनी मान वर करून फक्त पाहिलं.

"दादासी, जातायत त्या!" आपा ओरडली.

"गेल्या तर गेल्या."

त्या तीन शब्दांनी आपा जितकी घाबरली तितकी ऑपरेशनलाही घाबरली नव्हती. ती मला म्हणाली, "मस्तुरा, त्यांनी झडप बदलून दिली, पण माणूस तिकडेच ठेवून घेतला गं."

मी म्हटलं, अशा ऑपरेशननंतर मन खचतं, तालुक्याच्या डॉक्टरांना सांगू या. अकांच्या कानावर ते गेलं. "मी काय वेडा आहे?" ते म्हणाले. "आणि तुझा झाडपाला तर मुळीच नको. सहा महिने लोकांनी माझ्यात काय काय घातलं. आता पुरे."

जुलैमध्ये आपा वर गेली आणि दलाचाय घेऊन आली. दलाचाय म्हणजे रानचहा. गुडघ्याएवढं झुडूप, बोटाच्या पेराएवढी पिवळी फुलं. पान उन्हासमोर धरलं तर त्यात सुईने टोचल्यासारखे ठिपके उजळतात, आणि फूल चुरगाळलं की बोटं लाल होतात. ज्यांची मुलं वारली अशा बायकांना आपाची आई हा चहा द्यायची. लेकीची पाठवणी करताना बोलावं तसं हळू आवाजात बोलत द्यायची. महिन्याभरात त्या बायका पुन्हा कणीक मळायला लागायच्या. आपाने ते लहानपणापासून पाहिलं होतं.

ऑगस्ट संपेपर्यंत ती जुडी माळ्यावर तशीच टांगलेली होती. त्या महिन्याचा आकडा चांगला आला होता. पण अका आता जेवणही अर्धं टाकत होते. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपाने जुडी काढली आणि रानपुदिन्यात मिसळली.

"आज चहाला वेगळा वास आहे," अका म्हणाले.

"यंदाचा पुदिना उशिराचा आहे," आपाने सांगितलं.

त्याच आठवड्यात गाव रानात गेलं. अक्रोडाच्या दिवसांत आमच्या घरांना कुलुपं असतात. कोंबड्या, गाई, म्हातारी माणसं, सगळी वर झाडांखाली तंबूत. पुरुष फांद्यांवर चढून झाडं हलवतात, आणि दिवसभर अक्रोड पडत राहतात, जवळ टपटप, लांब धपधप. धूर झाडांमधून वर जातच नाही, कमरेएवढ्या उंचीवर तरंगत राहतो. पानं पिवळी व्हायला लागतात तेव्हा सकाळी जाग आली तरी जागे आहोत की नाही ते कळत नाही.

तालुक्याला रक्त तपासायला जायचं राहिलं. मी एकदा आठवण केली. आपा म्हणाली, "रान संपू दे. बघ ना त्यांच्याकडे, दिसतंय का काही झालेलं?"

खरंच दिसत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात अका झाडाखाली बसून हिरवी सालं सोलू लागले, हात कोपरापर्यंत काळे. पाचव्या आठवड्यात गुणगुणू लागले. सकाळी नानवर साय लावता लावता स्वप्नं सांगायचे. एकदा त्यांच्या वडिलांचा मेलेला घोडा नदीवरून चालत आला, पाण्यावर खुरांचे ठसे राहिले. एकदा सगळ्या माश्या बर्फासारख्या पांढऱ्या झाल्या आणि त्यांच्या टोपीत येऊन झोपल्या. आपा ऐकत बसायची, हातातला पियाला गार व्हायचा. त्या दिवसांबद्दल ती मला पुढे म्हणाली, "मी चालत नव्हते मस्तुरा. जमिनीच्या चार बोटं वरून फिरत होते."

ऑक्टोबरच्या मध्याला अका झऱ्यावरून पाण्याचा कॅन घेऊन येताना वाटेत दोनदा बसले. "म्हातारा झालो, ओनासी," ते हसून म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बूट काढले तर मोज्यांचे वळ पायात रुतले होते. त्यानंतरच्या दुपारी ते तंबूबाहेर गोधडीवर आडवे झाले. ऊन पानांमधून गळत होतं. आपा त्यांच्या अंगावर कोट घालायला वाकली आणि तशीच राहिली.

आधी तिला वाटलं अक्रोडांच्या आवाजात ऐकू येत नसेल. तिने झाडावरच्या माणसांना हाक मारून थांबवलं. रान गप्प झालं. तिने कान त्यांच्या छातीवर टेकवला. हृदय चालू होतं, पण टिकटिक नव्हती. खोल कुठेतरी एक मऊ आवाज होता, लोकरीत गुंडाळल्यासारखा.

ती आमच्या तंबूकडे आली तेव्हा मी अक्रोड निवडत होते. "मस्तुरा," ती म्हणाली, "दादासींची टिकटिक हरवली."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. मी पिशवीतून छाती तपासायची नळी काढली आणि धावले. अकांचे ओठ निळसर होते. नळीतूनही ती धातूची टिकटिक आली नाही. शेजारच्या तंबूवाल्याची गाडी अक्रोडाच्या पोत्यांनी भरलेली होती. त्याने काही न विचारता पोती ढकलून खाली टाकली. अंधार पडायच्या आत आम्ही ओश शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होतो. साडेतीन तासांच्या वाटेत अका आपाच्या खांद्यावर डोकं टेकून अर्धवट झोपेत होते आणि मधूनच विचारत होते, "पूल आला का?" त्या वाटेवर पूल नाही.

डॉक्टर तिशीतली किर्गिझ बाई होती, जिपार नावाची. तिने यंत्रावर हृदय पाहिलं. झडपेचं एक पान अडकलं होतं, त्यावर रक्ताची गुठळी. रक्ताचा आकडा आला एक पूर्णांक दोन दशांश.

"गोळ्या किती चुकवल्या, एजे?" एजे म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण.

"एकही नाही," आपा म्हणाली. मीही रिकामी पाकिटं दाखवली.

"मग दुसरं काही घेत होते?"

"नाही."

"काही म्हणजे काहीही. घरचं, बाजारचं."

"नाही म्हटलं ना, पोरी."

जिपारने मान डोलावली आणि कामाला लागली. गुठळी विरघळवायचं औषध नळीतून सोडावं लागणार होतं, आणि त्याने दुसरीकडे रक्त फुटू शकतं, असं तिने सांगून सही घेतली. आपाने सही केली. अक्रोडाच्या सालाने काळी झालेली तिची बोटं कागदावर उठली.

सकाळी अकांच्या ओठांना रंग होता. आपा पलंगाशी बसली होती. मी आत गेले तेव्हा तिने बोट ओठावर ठेवलं आणि मला ऐकायला लावलं. टिक, टिक. आम्ही दोघी आवाज न करता रडलो.

मग जिपार फेरीवर आली. "यांचं अंग ही गोळी फार लवकर पचवतंय," ती म्हणाली. "घरी सोडताना डोस दुप्पट करते."

अका उशीला टेकून बसले होते. आपाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उभी राहिली.

"डोस वाढवू नका."

"का, एजे?"

"मी त्यांना दलाचाय दिला. दीड महिना. रोज तीन पियाले. पुदिना म्हणून."

जिपार पलंगाच्या कडेवर बसली. मला वाटलं आता ओरडेल. ती अगदी हळू बोलली.

"ते पिवळं फूल यकृताला घाई लावतं, एजे. गोळी काम करायच्या आत यकृत ती मोडून टाकतं. म्हणून रक्त दाट झालं. आता चहा बंद झाला की दोनेक आठवड्यांत यकृत पुन्हा संथ होईल. तेव्हा अंगात माझी दुप्पट गोळी असती…"

"तर नाकातून रक्त आलं असतं," आपा म्हणाली.

"नाकातून आलं असतं तर निदान दिसलं असतं. डोक्यातही होतं."

आपा बसली. मग ती दुसऱ्याच कुठल्या वर्षातून बोलल्यासारखी म्हणाली, "सामूहिक शेतीच्या काळात आमच्या गोठ्यात तीन गाई मेल्या होत्या. काशगरी घास ओला असताना रचला, त्याला बुरशी आली. गोड वास येतो त्या घासाला. गाईंनी खाल्ला. एकीचं शिंग मोडलं तर रक्त थांबेचना."

जिपारने तिच्याकडे नव्याने पाहिलं. "रक्त पातळ करायचं औषध माणसाला त्यातूनच सापडलं, एजे. अशाच कुजलेल्या घासातून, अशाच मेलेल्या गाईंमुळे. ही गोळी त्याच जातीची आहे."

"म्हणजे तुमची गोळी माझ्याच माहेरची निघाली की!"

जिपार हसली. मीही हसले. अका मात्र हसले नाहीत.

"मला कापायच्या आधी त्या डॉक्टरांनी विचारलं होतं," ते म्हणाले. "माझी सही घेतली होती. तू विचारलं नाहीस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. अकांनी आपाच्या हातचं जेवण घेतलं, पण चहा नाही. स्वतःची किटली ठेवायचे, नुसतं गरम पाणी ओतून प्यायचे. आपा समोर बसून बघायची. एकदा मी मध्ये पडायला गेले तर अका म्हणाले, "नर्सबाई, तुमचं इंजेक्शन झालं असेल तर या."

त्या हिवाळ्यात आपा बाजारात बसली नाही. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं. तिने माळ्यावरची सगळी पोती खाली काढली आणि एकेक ढीग माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "विचार त्या पोरीला." मी जिपारला फोन लावायची. लसणाचा अर्क? त्या गोळीबरोबर रक्त वाहायची भीती. ज्येष्ठमध? जपून, आणि रक्तदाब असेल तर नकोच. काशगरी घासाचा काढा? मुळीच नाही. काही नावांना जिपार म्हणायची, "माहीत नाही, एजे. कुणी तपासलेलंच नाही." मला वाटलं आपा वैतागेल. उलट तिला तेच उत्तर सगळ्यात आवडायचं. "माहीत नाही म्हणाली ना? मग बाकीचं खरं सांगत असणार."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी अकांचं रक्त घ्यायला गेले. बर्फात अकांना तालुक्याला नेता येत नव्हतं म्हणून नुसता नमुना पाठवायचा होता. दाराशीच थांबले, कारण आत अका बोलत होते. इतकं सलग मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं.

"…सांगितलं होतं त्यांनी, की मशीन लावून हृदय थांबवणार. दोन तास थांबलं होतं. ते दोन तास मी कुठे होतो, ओनासी? झोपेत माणूस निदान झोपेत असतो. मी तर नव्हतोच. मग आलो, तर हे सगळं, अंगण, पेट्या, तू, काचेपलीकडे असल्यासारखं. हात लावला तरी पलीकडेच."

आपाने विचारलं, "मी काही करू?"

"नको. नुसती बस."

ती बसली. मी तशीच परत फिरले. रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं.

त्यानंतर ते रोज थोडंथोडं बोलायचे. जिपारने ओळखीच्या एका मनाच्या डॉक्टरशी फोनवर गाठ घालून दिली. अका त्याच्याशी आधी फक्त मधमाश्यांबद्दल बोलले, मग हळूहळू बाकीचं. तो म्हणाला, औषध लागलंच तर जिपारला विचारूनच देईन. पण ते लागलं नाही. मार्चमध्ये त्यांनी पहिली पेटी उघडली. एकोणीस पेट्या जिवंत होत्या.

एका सकाळी त्यांनी आपली किटली बाजूला सारली. "चहा दे."

"काय घालू?"

"काय आहे ते आधी सांग, मग घाल."

तिने सांगितलं. त्यांनी साधा काळा चहा निवडला.

वसंतात सामशांचे, म्हणजे कोवळा पाला भरून भट्टीत भाजलेल्या समोशांचे, दिवस आले. हिरव्या पाल्यातही गोळीचा जोर कमी करणारं काही असतं. पण जिपार म्हणाली, खाणं सोडू नका आणि एकदम ताटभरही खाऊ नका, दर आठवड्याला तेवढंच खा. तेव्हापासून शुक्रवारी चार सामसे. पाचव्याला हात गेला की आपा थाळी उचलायची आणि अका म्हणायचे, "आधी विष देत होतीस, आता अन्नही तोडतेस." असं चिडवायला लागले तेव्हा मी ओळखलं की राग गेला.

आपा पुन्हा बाजारात बसते, पण तिची विक्री निम्म्यावर आली आहे. कुणी काही मागितलं की ती आधी विचारते, डॉक्टरची कुठली गोळी चालू आहे? एक बाई तर चिडून म्हणाली, "बाई गं, खोकल्याचं मूळ मागितलं, मुलगी नाही मागितली तुझी!" पायात गुठळी झालेल्या एका शिक्षिकेला तिने दलाचाय दिला नाही, तेव्हा ती पलीकडच्या दुकानातून घ्यायला गेली. आपा फडकं तसंच उघडं टाकून तिच्यामागे गेली आणि दुकानदारासमोर उभी राहून तिला सगळं सांगितलं, स्वतःच्या नवऱ्यासकट. शिक्षिकेने पुडी परत ठेवली. दुकानदार अजून आपाशी बोलत नाही.

आता महिन्यातल्या एका मंगळवारी दोघं ओशला जातात. अकांचं रक्त तपासून होईपर्यंत आपा बाहेरच्या लांब बाकावर बसते. जिपारनेच तिला तसं सांगितलंय. लांबलांबच्या गावांतून आलेल्या बायका डॉक्टरला सांगतात, काही घेत नाही. आपा त्यांना औषधाचं विचारतच नाही. झोप आली नाही की काय पितेस? पाय सुजले की? पाहुणा आला की चहात काय टाकतेस?

गेल्या खेपेला मी बरोबर होते. डोंगरापलीकडची एक म्हातारी "मी काही म्हणजे काही घेत नाही" म्हणत होती. अर्ध्या तासात तिच्या पिशवीतून लसूण घातलेल्या दारूची बाटली निघाली, वाळलेलं आलं निघालं, आणि लेकीने मॉस्कोहून पाठवलेला कसल्यातरी पानांच्या गोळ्यांचा डबा निघाला. बाकावर ओळीने मांडून ती स्वतःच थक्क होऊन बघत बसली.

दार उघडून तिचं नाव पुकारलं गेलं. म्हातारी घाईघाईने सगळं पिशवीत कोंबू लागली.

"अगं, पिशवीत नको, हातातच राहू दे," आपा म्हणाली. "माझ्यासमोर काढलंस तसं तिच्यासमोर काढ. रागावत नाही ती. मी सांगते ना."

अका तपासणी संपवून केव्हाचे दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन. "ओनासी, गाडी सुटेल," ते म्हणाले.

"सुटू दे," आपा म्हणाली, आणि बाकावरच्या पुढच्या बाईकडे सरकली.